हापूस थांबत नाही, म्हणून कामाची तारीखही हलवता येत नाही

संपादक महोदय,

आंब्याचा हंगाम आवरत आला की बागायतदार संघांच्या, खरेदी-विक्री सोसायट्यांच्या आणि होमस्टे चालवणाऱ्या गटांच्या बैठकांत एक विषय हमखास निघतो. पुढच्या वर्षी दलाल नको, आपली स्वतःची ऑनलाइन विक्री सुरू करू. बेत चांगला आहे आणि तो तडीस जावा असे मनापासून वाटते, म्हणून हे पत्र. अशी कामे प्रोग्रॅमिंग जमले नाही म्हणून क्वचितच बुडतात. काम सोपवणाऱ्या संस्थेकडे निर्णय देणारा माणूस नसतो आणि तारीख चुकीच्या टोकाकडून मोजलेली असते, तिथे ती बुडतात.

आधी तारखेचे. शहरातल्या कंपनीत काम रखडले की तारीख पुढे सरकते. हापूस थांबत नाही. मार्चमध्ये पेट्या जोरात सुटू लागतात आणि मृगाचा पाऊस आला की विषय संपतो. तेव्हा हिशेब मार्चपासून मागे करायचा. फेब्रुवारीच्या मध्यानंतर प्रणालीत एकही नवी सोय घालायची नाही, फक्त चुका दुरुस्त करायच्या. जानेवारीत खरे सभासद, खरे फोन आणि खरे पैसे घेऊन चाचणी. त्याआधी बांधणीला ऑक्टोबर ते डिसेंबर. म्हणजे काय बांधायचे हे ठरवायला जून ते सप्टेंबर उरतात आणि बागायतदाराला बसून बोलायला वेळही तेव्हाच असतो, लावणीचे पंधरा-वीस दिवस आणि गणपती वगळून. गणपतीच्या आठवड्यात सर्व्हरवर काहीही नवे चढवू नये. टीममधली निम्मी माणसे गावी असतात आणि बिघडले तर दुरुस्त करायला कोणी नसते. फेब्रुवारीत कंत्राट देऊन एप्रिलमध्ये उद्घाटन करण्याचा बेत कुणी मांडला तर त्याला स्पष्ट नाही म्हणावे.

काम मागे पडले तर काय? माणसे वाढवणे हा पहिला सुचणारा आणि सर्वांत महागात पडणारा उपाय. चार जणांच्या टीममध्ये आपसात बोलण्याच्या जोड्या सहा होतात, आठ जणांत अठ्ठावीस. नव्या माणसाला काम समजावून देण्यात जुन्यांचेच दिवस जातात. तारीख हलत नसेल आणि माणसे वाढवून फायदा नसेल, तर कापायच्या त्या सोयी. मोबाइल अ‍ॅप पहिल्या वर्षी नको, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या लिंकने उघडणारे साधे पान पुरते. पॉइंट, कूपन, ग्राहकांचे अभिप्राय, चॅट नको. पंधरा-वीस सभासद, पाच डझनची एकच पेटी, वजनानुसार दोन प्रतवाऱ्या आणि पाठवणीचा मुंबई-पुणे हा एकच मार्ग एवढ्यावर पहिला हंगाम काढावा.

पण काय कापायचे नाही हे बागायतदारच सांगू शकतो. इथेच संस्थेचा माणूस लागतो. उदाहरण साक्याचे घेऊ. साका म्हणजे हापूसच्या गरातला दोष, तो बाहेरून दिसत नाही, फळ कापल्यावरच कळतो. साठ फळांची पेटी, त्यात सात फळे साक्याची निघाली, ग्राहकाने फोटो पाठवला. पेटी तीन हजारांची असेल तर फळामागे पन्नास म्हणजे साडेतीनशे रुपये परत करायचे. डेव्हलपरला हे आधी सांगितले नसेल तर तो ‘ऑर्डर रद्द’ असे एकच बटण देतो आणि ते दाबले की पूर्ण तीन हजार परत जातात. मग कारकून ते बटण दाबायचे टाळतो, स्वतःच्या खात्यातून यूपीआयने साडेतीनशे पाठवतो आणि मेअखेर हिशेब जुळत नाही. थोडी रक्कम परत करण्याची सोय पहिल्या दिवसापासून हवी. ही रक्कम कुणी मंजूर केली, कशासाठी आणि कधी हेही नोंदले गेले पाहिजे.

दुसरी गोष्ट साठ्याची. तयार दुकान-सॉफ्टवेअरला वाटते की माल कपाटात आहे, १०० नग लिहा, विकला की ९९. आंबा झाडावर असतो. ग्राहक आज पैसे भरतो, पेटी आठ दिवसांनी निघते, मध्ये अवकाळी पाऊस येतो. म्हणून ‘किती पेट्या शिल्लक’ असे न ठेवता ‘अमुक सभासद अमुक तारखेला किती पेट्या देऊ शकतो’ असे तारीखवार ठेवावे आणि सभासदाला तो आकडा सकाळी बागेतून फोनवर बदलता यावा. आकडा आधी घेतलेल्या ऑर्डरींपेक्षा खाली आला तर कोणाची पेटी पुढच्या तारखेवर जाईल? आधी पैसे भरलेल्याची शेवटी, असा नियम संस्थेने ठरवून लिहून द्यायचा. तो नियम प्रोग्रॅमरने अंदाजाने बसवला तर भांडणे संघाच्या दारात येतात. हापूसला जीआय (भौगोलिक निर्देशांक) मानांकन २०१८ मध्ये मिळाले आहे. सभासद त्या मानांकनाचा नोंदणीकृत अधिकृत वापरकर्ता असेल तर त्याचा नोंदणी क्रमांक त्याच्या प्रत्येक पेटीच्या पावतीवर आपोआप यावा, हेही याच यादीत घालावे.

आता शेवटच्या एका पेटीवर दोघांनी एकाच क्षणी बोट ठेवले तर? बहुतेक ठिकाणी आधी ‘शिल्लक आहे का’ पाहतात आणि मग ‘नोंद करा’ म्हणतात. या दोन पायऱ्यांच्या मधल्या क्षणात दुसरा ग्राहक शिरतो आणि एक पेटी दोघांना विकली जाते. होमस्टेत हीच चूक एका खोलीत दोन कुटुंबे आणून उभी करते. तपासणे आणि कमी करणे डेटाबेसमध्ये एकाच व्यवहारात झाले पाहिजे. खोलीच्या बाबतीत तर ‘खोली आणि तारीख’ ही जोडी दुसऱ्यांदा लिहिलीच जाऊ नये असे बंधन डेटाबेसलाच घालावे. हे पारखायला संगणकतज्ज्ञ असण्याची गरज नाही. शेवटची एक पेटी ठेवून एकाच क्षणी दहा मागण्या पाठवून दाखवा, असे टीमला सांगा. एक नोंद व्हावी आणि नऊ जणांना ‘संपली’ असे दिसावे.

पैशांचेही तसेच. ग्राहक यूपीआयने पैसे भरतो आणि त्याच क्षणी गाडी कशेडीच्या बोगद्यात शिरते. पैसे गेले, पण ‘ऑर्डर झाली’ हे पान उघडलेच नाही. पैसे आल्याची खबर ग्राहकाच्या ब्राउझरवरून घ्यायची नसते. ती पेमेंट गेटवेच्या (ग्राहकाचे पैसे ऑनलाइन स्वीकारणाऱ्या सेवेच्या) सर्व्हरकडून आपल्या सर्व्हरला थेट येते, तिला वेबहुक म्हणतात. ती कधी उशिरा येते, कधी एकच खबर दोनदा येते. म्हणून प्रत्येक व्यवहाराचा क्रमांक एकदाच नोंदला जाईल अशी तजवीज हवी, नाहीतर एका पैशात दोन पेट्या निघतात. पैसे भरेपर्यंत पेटी पंधरा मिनिटे राखून ठेवावी. त्यानंतर पैसे आले आणि पेटी उरली नसेल तर रक्कम आपोआप परत. रोज रात्री गेटवेची यादी आणि आपली यादी ताडून फरक कारकुनाला दाखवावा. रकमा रुपयांच्या दशांशात न ठेवता पूर्ण पैशांत (एका रुपयाचे शंभर पैसे) साठवाव्यात.

एक बारीक पण खर्चिक बाब. बरेच सर्व्हर भारतीय वेळेपेक्षा साडेपाच तास मागे चालतात. १ एप्रिलच्या पहाटे चार वाजता आलेली ऑर्डर तिथे ३१ मार्चच्या रात्री साडेदहाची म्हणून नोंदली जाते. अहवाल काढताना वेळ भारतीय करून घेतली नाही, तर ऐन हंगामातली विक्री मागच्या आर्थिक वर्षात जाते आणि हिशेबतपासनीस ती पकडतो. टीमला ही एक ऑर्डर चाचणीत मुद्दाम घालायला सांगावी.

मराठी एसएमएसबद्दलही आधी ठरवा. इंग्रजी लिपीतला एक एसएमएस १६० अक्षरांचा, देवनागरीतला ७०. त्यात काना, वेलांटी, मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. ‘पेटी’ हा दोन अक्षरांचा शब्द चार जागा घेतो. ७०च्या पुढे गेले की संदेश ६७-६७चे तुकडे होऊन दुप्पट खर्च पडतो. शिवाय ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या नियमांनुसार संस्था, पाठवणाऱ्याचे नाव आणि मजकुराचा साचा डीएलटी या एसएमएस-नोंदणीच्या यंत्रणेवर आधी नोंदवावा लागतो. नोंदलेल्या साच्यापेक्षा मजकूर वेगळा निघाला की संदेश वाटेतच अडतो आणि ग्राहकाला ओटीपी येत नाही. ही नोंदणी कागदपत्रांवर अडते, म्हणून ती पहिल्या आठवड्यात सुरू करावी, शेवटच्या नव्हे.

टीम केवढी हवी? दोन डेव्हलपर, अर्धवेळ स्क्रीन आखणारा एक, टेस्टिंग करणारा एक आणि संस्थेचा एक. पाचवा माणूस सर्वांत महत्त्वाचा. त्याने आठवड्याला पाच-सहा तास द्यावेत आणि विचारलेल्या प्रश्नाला दुसऱ्या दिवशी उत्तर द्यावे. ‘पुढच्या मासिक सभेत ठेवतो’ हे उत्तर चालत नाही, कारण तोवर डेव्हलपर अंदाजाने पुढे गेलेला असतो. कार्यकारिणीने ठराव करून त्याला तेवढा अधिकार द्यावा. अध्यक्षच हवा असे मुळीच नाही. पेट्या भरून गाडीत चढवणारी, ग्राहकांचे फोन घेणारी एखादी ताई या कामाला जास्त योग्य असते. रोज पंधरा मिनिटे बोलणे: काल काय झाले, आज काय होणार, कुठे अडले. बाकी सगळे लेखी, कारण फोनवर ठरलेले पंधरा दिवसांनी दोघांना दोन तऱ्हेने आठवते.

दर दोन आठवड्यांनी काम दाखवून घ्यावे, तेही प्रोजेक्टरवर नव्हे. एखाद्या सभासदाच्या आठ-दहा हजारांच्या फोनवर, नेट मंद करून, त्याच्या हातात द्यावे आणि गप्प बसून पाहावे. सांगितल्याशिवाय त्याला आजचा आकडा बदलता आला नाही, तर ते काम झालेले नाही. ‘झाले’ म्हणजे दुसऱ्या डेव्हलपरने कोड वाचला, चाचण्या उतरल्या, खऱ्यासारख्या स्टेजिंग सर्व्हरवर ते चालले आणि संस्थेच्या माणसाने ते फोनवर वापरून पाहिले. पैसेही याच टप्प्यांनी द्यावेत. निम्मे आगाऊ आणि निम्मे शेवटी, या पद्धतीत मधले चार महिने कुणालाच काही दिसत नाही.

बॅकअपचे महत्त्व आपल्या पट्ट्यात कुणाला समजावून सांगायला नको. ३ जून २०२० चे निसर्ग वादळ, २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर, दोन्ही वेळा कागदपत्रे आणि संगणक पाण्यात गेले, वीज आणि नेटवर्क कितीतरी दिवस नव्हते. कोड रोज संध्याकाळी गिटवर (कोडच्या सगळ्या आवृत्त्या जपणाऱ्या साठ्यावर) चढलेला असावा. डेटाबेसची प्रत रोज निघावी, तिची एक प्रत सर्व्हर चालवणाऱ्या कंपनीखेरीज दुसऱ्या ठिकाणी असावी. आणि दर तीन महिन्यांनी ती प्रत रिकाम्या सर्व्हरवर चढवून किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहावे. बॅकअप निघतो पण परत चढत नाही, हे बहुधा गरज पडते त्याच दिवशी कळते.

मालकीवरून सर्वांत जास्त नुकसान होते. डोमेनचे नाव (संकेतस्थळाचा पत्ता), सर्व्हर, पेमेंट गेटवे, एसएमएस, गिट ही पाचही खाती संस्थेच्या नावावर आणि संस्थेच्या ईमेलवर हवीत, पासवर्ड दोन पदाधिकाऱ्यांकडे. डोमेन एखाद्या होतकरू पोराच्या खासगी जीमेलवर असते, तो नोकरीला दुबईला जातो, नूतनीकरणाची सूचना त्यालाच येते आणि चार वर्षे पेट्यांवर छापलेला पत्ता एका सकाळी उघडत नाही. पोराचा त्यात काही दोष नसतो. बांधणीच्या खर्चाच्या पंधरा-वीस टक्के रक्कम दरवर्षी देखभालीसाठी अंदाजपत्रकात धरावी. आणि होमस्टेवाल्यांनी पाहुण्यांच्या आधारकार्डांचे फोटो प्रणालीत साठवून ठेवू नयेत. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने त्यांची जबाबदारी ठेवणाऱ्यावर येते.

आपल्याला एक विनंती. अशा प्रणालीच्या उद्घाटनाची बातमी आपल्याकडे आली की फीत कापतानाच्या फोटोसोबत दोन प्रश्नांची उत्तरे जरूर छापावीत: डोमेन कुणाच्या नावावर आहे, आणि बॅकअप शेवटचा कधी परत चढवून पाहिला.

आपला,
एक वाचक, रत्नागिरी