सही घेण्याआधी कागद वाचून दाखवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका छोट्या गावात राहते. शिक्षण मराठी शाळेत सातवीपर्यंत. जलजीवन मिशनमधून (आपल्या कर्नाटक राज्यात याच योजनेला ‘मनेमनेगे गंगे’ म्हणतात) आमच्याकडे दारोदारी नळ आले. खालच्या गल्लीत पाणी येते. आमच्या वरच्या गल्लीत मार्च लागला की तोटी कोरडी. मलप्रभा नदी आमच्याच तालुक्यात कणकुंबीला उगम पावते, पावसाळ्यात आठ-आठ दिवस पाऊस उघडत नाही आणि उन्हाळ्यात आम्ही घागरी घेऊन विहिरीवर. माणशी रोज ५५ लिटर मिळायला हवेत, असे योजनेतच लिहिले आहे.

पण मला लिहायचे आहे ते सहीबद्दल. गावच्या पाणी समितीत निम्म्या बायका हव्यात, असा नियम आहे. म्हणून बचत गटातून माझे नाव घातले. गेल्या वर्षी एकजण रजिस्टर घेऊन दारात आला. “काकू, इथं सही करा.” मी भाकऱ्या थापत होते. हात पुसून सही केली. मजकूर कन्नडमध्ये होता. पुढे पुतण्याने त्या पानाची झेरॉक्स वाचून दाखवली. काम पूर्ण झाले, सगळ्या घरांना पाणी मिळते, योजना गावाने ताब्यात घेतली, असे आम्ही लिहून दिले होते! त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्या गल्लीतल्या अकरा घरांना पाणी मिळाल्याचे मीच लिहून दिले होते.

कन्नडबद्दल माझी तक्रार नाही. पुतण्याला ती येते म्हणूनच हे कळले. पण १९५६ च्या केंद्र सरकारच्या निवेदनात म्हटले आहे की, जिथे भाषिक अल्पसंख्याक १५ ते २० टक्के असतील, तिथे सरकारी सूचना त्यांच्याही भाषेत द्याव्यात. आमचे तर जवळजवळ सगळे गाव मराठी. तरी वॉर्ड सभेची नोटीस फलकावर फक्त कन्नडमध्ये लागते आणि सभा होऊन गेल्यावर आम्हाला कळते.

यंदा तारीख आधीच विचारून ठेवली आणि आम्ही चौदा बायका गेलो. कामाचे एस्टिमेट आणि नकाशा मागितला. शाळेतल्या गुरुजींनी ओळ न् ओळ मराठीत समजावली. नकाशात वरच्या गल्लीच्या टोकापर्यंत मोठा पाइप आहे. प्रत्यक्षात गल्लीच्या तोंडापासून बारीक पाइप घातलाय. चढ असल्याने त्यातून पाणी वर येतच नाही. एवढे आम्हाला तासाभरात समजले. पाइप बदलायचे सभेत कबूल झाले, अजून बदललेला नाही.

माझी मागणी मोठी नाही. सभेची नोटीस मराठीतही लावावी, आदल्या दिवशी दवंडी द्यावी आणि समितीच्या बायकांची सही घेण्याआधी कागद मराठीत वाचून दाखवावा. तोपर्यंत मी कुठल्याही रजिस्टरवर सही करणार नाही, असे पंचायतीत लिहून दिले आहे. पोच घेऊन ठेवली आहे.

आपली,
पाणी समितीची एक सदस्य,
खानापूर तालुका, जि. बेळगाव