सिंगापूरला निघण्याआधी

नाशिक,
१८ जानेवारी

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, एवढ्याशा लेकरांना घेऊन विमानात साडेपाच तास कसे काढायचे, असं तुम्ही विचारलंत. मला त्या साडेपाच तासांची फारशी काळजी नाही. काळजी आहे ती नाशिकहून निघाल्यापासून विमानाचं दार बंद होईपर्यंतच्या वेळेची. पोरं किरकिर करतात ती तिथे, आणि मोठी माणसं एकमेकांवर डाफरतात तीही तिथेच. ओवी फोनवर दोन वाक्यं धड बोलू देत नाही, म्हणून सगळं लिहूनच कळवते.

विमान रात्री साडेअकराचं आहे. मुंबई विमानतळावर आठला पोचायचं तर इथून दुपारी अडीचला निघायला हवं. ओवीची झोपायची वेळही तीच, म्हणजे गाडीत तिची दुपारची झोप होईल. समृद्धी महामार्गानेच जाऊ. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला, त्यात इगतपुरीजवळ सुमारे ८ किलोमीटरचा बोगदा आहे. कसारा घाटाच्या वळणांवर ज्या मुलांना उलटी होते त्यांच्यासाठी हा रस्ता फार बरा. थांबायचं मात्र घोटीलाच, कारण एकदा वर चढलं की हवं तिथे गाडी उभी करता येत नाही. वेळ खातं ते आमण्याच्या पुढचं भिवंडी-ठाणे. संध्याकाळी तिथे एक तास जास्तीचा धरला आहे. आई, बाळ गाडीत त्याच्या सीटमध्येच बसेल. रडलं तर गाडी बाजूला घेऊ, पण चालत्या गाडीत मांडीवर नको.

तुम्ही आदल्या दिवशी दुपारपर्यंत येवल्याहून या. त्याच दिवशी प्रवास आणि पुढे रात्रीचं विमान, असं गुडघ्यांना झेपणार नाही. आईसाठी व्हीलचेअर तिकिटासोबतच मागितली आहे, तिचे पैसे पडत नाहीत. "मला चालता येतं" म्हणून तिथे नाकारू नकोस. टी-२ टर्मिनलमध्ये चालणं पुष्कळ आहे, रांगेतलं उभं राहणं वेगळंच.

विमानतळावर कामं वाटून घ्यायची. एका मुलामागे एकच माणूस, आणि तो माणूस दुसरं काही करणार नाही. ओवीकडे अनिकेत, बाळाकडे मी. पासपोर्ट आणि बोर्डिंग पासची पिशवी बाबांकडे, दुधाची आणि डायपरची पिशवी आईकडे. "ओवी तुझ्याकडे होती ना?" हा प्रश्न येतो तो चौघंही सगळं बघत असतात तेव्हाच. सुरक्षा तपासणीत बाळाला बाबागाडीतून उचलावं लागतं आणि बाबागाडी घडी करून मशीनमधून जाते. म्हणून गाडीच्या हँडलला पिशव्या लटकवायच्या नाहीत, ऐनवेळी सगळं सोडत बसावं लागतं. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच, मोठ्या बॅगेत चालत नाही.

तपासणी झाली की नऊच्या सुमारास ओवीचं तोंड धुऊन, रात्रीचे कपडे आणि डायपर घालून तिला बाबागाडीत आडवं करायचं. घरी ती आता डायपर घालत नाही, तरी प्रवासात हवाच. सीटबेल्टचा दिवा लागला की अर्धा-पाऊण तास उठता येत नाही, आणि विमानातल्या फ्लशच्या आवाजाला लहान मुलं घाबरतात. झाकण लावायचं, मुलाला बाहेर काढायचं, मग बटण दाबायचं. लहान मुलं असलेल्यांना आधी आत सोडतात, ती सवलत आपण अर्धीच घेऊ. बाबा सामान घेऊन पुढे जातील. आम्ही बाकीचे शेवटी, म्हणजे ओवीला बंद विमानात अर्धा तास जास्तीचं बसवून ठेवायला नको.

तिकिटाचं तुम्ही विचारलं होतंत. दोन वर्षांखालचं मूल मांडीवर असतं, त्याला साधारण मोठ्या तिकिटाच्या दहा टक्के भाडं आणि वर कर. ओवी अडीच वर्षांची, तिला स्वतंत्र सीट लागतेच. बाळाला पासपोर्टही वेगळा लागतो, आईच्या पासपोर्टवर मूल नेण्याचे दिवस गेले. पुढच्या भिंतीला अडकवायचा पाळणा आपण मागितला आहे. त्याची वजनाची मर्यादा कंपनीप्रमाणे बदलते, साधारण १० ते १४ किलो. आपलं बाळ ८ किलोचं. पण पाळणा विमान वर गेल्यावरच लावतात, आणि विमान हलायला लागून दिवा लागला की झोपलेलं बाळही उचलून घ्यावं लागतं. तेव्हा त्यावर साडेपाच तासांची भिस्त ठेवू नका. मांडीवर असताना बाळाला छोटा वेगळा पट्टा देतात, तो आपल्या पट्ट्यात ओवायचा. आपलाच पट्टा दोघांभोवती कधीही नाही. झटका बसला तर आपलं सगळं वजन बाळावर येतं.

कान दुखतात ते उतरताना जास्त. वर असताना विमानातली हवा सहा-आठ हजार फूट उंचीवरच्या इतकी विरळ ठेवलेली असते. खाली येताना दाब वाढतो आणि कानाचा पडदा आत ओढला जातो. गिळलं की नाकामागची नळी उघडते. मुलांची ही नळी अरुंद, सर्दी असेल तर आणखी बुजते. म्हणून उतरायच्या अर्धा तास आधी बाळाला दूध आणि ओवीला पाण्याचे घोट. विमान जमिनीला टेकताना पाजलं तर उशीर झालेला असतो, त्रासाचा बराच भाग तोवर होऊन जातो. निघायच्या दोन दिवस आधी दोघांचे कान डॉक्टरांना दाखवणार आहोत.

आई, जायफळ उगाळून द्यायचं नाही. सर्दीचं गुंगी आणणारं औषधही नाही. जायफळ किती गेलं ते मोजता येत नाही आणि जास्त झालं तर ते विषारी असतं. सर्दीच्या औषधाने काही मुलं झोपायच्या ऐवजी उलट रात्रभर नाचतात. तापाचं औषध मात्र हातातल्या बॅगेत. त्याच्या बाटल्यांमध्ये ५ मिलीला १२५ आणि २५० मिलिग्रॅम अशी दोन्ही ताकद मिळते, शिवाय थेंबांची बाटली त्याहून कडक. म्हणून घरात चालते तीच बाटली नेऊ, डॉक्टरांनी वजनावरून लिहून दिलेल्या चिठ्ठीसकट.

खाण्याचं नीट ऐक. नाचणी सत्त्व नको. त्याला शिजवावं लागतं, गरम पाण्यात नुसतं कालवलं तर कच्चं राहतं. त्याऐवजी ज्वारीच्या लाह्यांचं पीठ करून आण, दोन वाट्या पुरे. लाह्या मुळात फुटलेल्या, शिजलेल्याच असतात, त्यामुळे गरम पाण्यात लगेच मऊ होतं. वरचं दूध डब्यातल्या खणांत कोरडंच मोजून ठेवते, पाणी थर्मासमध्ये. हातातल्या बॅगेत १०० मिलीहून मोठी पातळ पदार्थाची बाटली चालत नाही, पण बाळाचं दूध-पाणी त्या नियमातून सुटतं, फक्त ते वेगळं काढून दाखवायचं. तयार केलेली बाटली दोन तासांत संपवायची आणि तोंड लावल्यावर उरलेलं तासाभरात टाकायचं. "वाया जातं" म्हणून ठेवायचं नाही. ओवीला द्राक्षं हवीतच, बाबा, पिंपळगावहून आणलीत तर उत्तम, पण प्रत्येक द्राक्षाचे उभे चार तुकडे करून डब्यात भरू. अख्खं द्राक्ष, शेंगदाणे, फुटाणे विमानात अजिबात नाहीत. घशात अडकलं तर तिथे दवाखाना नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: खसखस. सिंगापूरला ती अमली पदार्थांच्या यादीत येते, दाणासुद्धा न्यायला बंदी आहे. म्हणजे डिंकाचे लाडू नाहीत आणि घरचा गोडा मसालाही नाही, कारण तुझ्या मसाल्यात ती असतेच. बेसनाचे लाडू कर, त्यांना वर काही लावू नकोस. सुक्या खोबऱ्याची वाटी आणूच नकोस. लोणचं न्यायचंच तर मोठ्या बॅगेत, दोन पिशव्यांत बांधून.

डायपरचा हिशोब: दारापासून दारापर्यंत पंधरा-सोळा तास, दोन तासांना एक म्हणजे आठ, वर चार. दोघांचे दोन-दोन जोड कपडे आणि माझा एक कुर्ता, कारण बाळ उलटी करतं ती माझ्यावर.

तिकडची वेळ अडीच तास पुढे. पाच दिवसांसाठी मुलांची झोप बदलायची नाही. ओवी घरी नऊला झोपते, तिकडे साडेअकराला झोपेल आणि साडेनऊला उठेल. सकाळच्या सहली कोणी ठरवू नका. बाबा, तुमचे पहाटेचे पाच तिकडे साडेसात असतील, तुम्ही दोघं खुशाल फिरून या. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे. ॲपवरून मागवलेल्या खासगी गाडीत लहान मुलांची सीट कायद्याने लागते, नेहमीच्या टॅक्सीला सूट आहे. आपण सहा जणं, तेव्हा मोठी मॅक्सीकॅबच बघू. परतताना चांगी विमानतळावर, टी-१ ते टी-३ मध्ये, सुरक्षा तपासणी थेट गेटपाशी होते. मोठ्यांच्या बाटल्या तिथे रिकाम्या कराव्या लागतात, आणि डायपर बदलायचं काम त्याआधीच उरकायचं.

आता तुमच्याकडून दोनच गोष्टी. पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा. प्रवासाच्या तारखेपासून सहा महिने मुदत शिल्लक हवी. पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत सगळ्यांचं, बाळाचंही, सिंगापूरचं अरायव्हल कार्ड (आगमनाचा फॉर्म) ऑनलाइन भरायचं असतं. ते फुकट आहे, कोणी पैसे मागितले तर देऊ नका, मी इथून भरते. दुसरं, बाबांच्या रक्तदाबाच्या आणि आईच्या थायरॉइडच्या गोळ्या मूळ पाकिटात, दहा दिवसांच्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. त्या मोठ्या बॅगेत टाकू नका.

तुमची,
मनू