पहिले चार ठरवा, बाकी चिठ्ठ्या

कोलंबस, इंडियाना
२४ फेब्रुवारी २०१९

ती. बाबा व ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

आई, आधी तुझं. मी वेळेवर जेवते, गाडीला थंडीचे टायर बसवलेत आणि बर्फ पडला की रस्त्यांवर पहाटेच मीठ टाकतात. टीव्हीवर दाखवतात ते शिकागो, इथून चार तास लांब. इथल्या कमिन्स कंपनीमुळे पुण्याची माणसंही आसपास भरपूर आहेत, त्यामुळे एकटी वगैरे नाही. ऑफिसचं नेहमीचंच.

बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत की आंतरशालेय बास्केटबॉलच्या तुमच्या ११ संघांना मानांकन द्यावं (म्हणजे तगड्यांना आधीच क्रम देऊन तक्त्यात दूर दूर ठेवावं) की सरळ चिठ्ठ्या टाकाव्यात, आणि अमेरिकेत काय करतात. फोनवर अर्धवट राहिलं, म्हणून सविस्तर लिहिते. अमेरिकेत असं एक उत्तर नाही, प्रत्येक राज्याचं वेगळं. त्यात इंडियानाचं सगळ्यात अजब. बास्केटबॉलसाठी जीव टाकणारं हे राज्य. न्यू कॅसल नावाच्या छोट्या गावातल्या शाळेच्या व्यायामशाळेत आठ हजारांवर माणसं बसतात. आणि इथेच मानांकन देत नाहीत! सेक्शनल म्हणजे पहिली पायरी, तिथे सरळ सोडत. हंगामात एकही सामना न हरलेला संघ आणि एकही न जिंकलेला संघ, दोघांच्या चिठ्ठ्या एकाच भांड्यात.

रचना अशी. १९९७-९८ पासून पटसंख्येनुसार शाळांचे चार गट आहेत. प्रत्येक गटात १६ सेक्शनल, मग ४ रीजनल, २ सेमीस्टेट आणि अंतिम सामना. सगळं बाद पद्धतीने, हरलात की घरी. मुलांचे सामने परवा मंगळवारी सुरू होतील, अंतिम २३ मार्चला इंडियानापोलिसला. रीजनलला तर एकाच दिवशी सकाळी उपांत्य आणि रात्री अंतिम, पोरांच्या पायांचं काय होत असेल!

सोडतीचं गणित तुम्हाला आवडेल. सहा संघांच्या सेक्शनलमध्ये चार संघ पहिली फेरी खेळतात, दोघांना बाय, म्हणजे न खेळता थेट पुढची फेरी. दोन सर्वांत तगडे संघ पहिल्याच सामन्यात भिडण्याची शक्यता १५ पैकी २, आणि तक्त्याच्या एकाच अर्ध्यात पडण्याची, म्हणजे अंतिम सामन्याआधीच गाठ पडू शकण्याची, १५ पैकी ६, म्हणजे शंभरात ४०. मग खरा अंतिम सामना शुक्रवारी उपांत्य फेरीतच होऊन जातो आणि शनिवारी गॅलरी रिकामी. तिकिटांवर यजमान शाळेचा खर्च निघतो, त्यामुळे हा नुसता मानापमानाचा प्रश्न नाही. शिवाय बाय दुबळ्यालाही लागू शकते. तो एकच सामना जिंकून शनिवारच्या अंतिम सामन्यात.

तरी लोक सोडतीला चिकटून आहेत, त्याला कारण १९५४. तेव्हा सगळ्या शाळा एकाच गटात होत्या. मायलन नावाच्या १६१ विद्यार्थ्यांच्या शाळेने मन्सी सेंट्रलसारख्या बलाढ्य शाळेला राज्याच्या अंतिम सामन्यात ३२-३० ने हरवलं. तेव्हापासून ‘कुणीही जिंकू शकतं’ ही इथली श्रद्धाच झाली. दुसरं कारण कुणी उघड बोलत नाही, पण ते जास्त खरं वाटतं: चिठ्ठीशी भांडता येत नाही. समितीने क्रम लावला की समिती शिव्या खाते.

शेजारच्या ओहायोत प्रशिक्षक मतांनी क्रम ठरवतात आणि त्या क्रमाने प्रत्येक प्रशिक्षक तक्त्यावर आपली जागा स्वतः निवडतो. पहिल्याने बाय घेतली तर घेतली, नाहीतर आधी खेळून अंग मोकळं करायचं म्हणून तो दुसरीकडेही बसू शकतो. मला हे फार आवडलं, पण आपल्याकडे त्या खोलीत दोन तास नुसता चहाच होईल. मिनेसोटात राज्य फेरीच्या आठांपैकी पहिल्या पाचांना मानांकन आणि उरलेल्या तिघांच्या चिठ्ठ्या. केंटकीत आजही एकच गट आणि शेवटच्या १६ संघांची सोडत.

प्रशिक्षकांच्या मतांत काय बिघडतं ते मी तुम्हाला सांगायला नको: प्रतिस्पर्ध्याला मुद्दाम खाली ढकलतात. म्हणून स्वतःच्या संघाला मत द्यायचं नाही, आणि प्रत्येक संघाला मिळालेला सर्वांत वरचा व सर्वांत खालचा क्रमांक वगळून सरासरी काढायची. नुसते जिंकलेले सामने मोजले तर दुबळ्यांशी खेळणारा वर जातो. त्यावर कोलोरॅडोसारखी राज्यं सूत्र वापरतात. त्याचं जुनं रूप असं: स्वतःच्या विजयांचं प्रमाण २५ टक्के, प्रतिस्पर्ध्यांचं ५०, त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांचं २५. समजा, अ संघ २२ पैकी १८ जिंकला (०.८१८), पण त्याचे प्रतिस्पर्धी ०.४०० आणि त्यांचे ०.४८०, बेरीज ०.५२५. ब संघ १४ च जिंकला (०.६३६), पण प्रतिस्पर्धी ०.६२० आणि त्यांचे ०.५४०, बेरीज ०.६०४. ब वर. मात्र तुमच्या शाळा स्पर्धेआधी जेमतेम चार-पाच सामने खेळतात, तेवढ्यावर हे सूत्र काहीच्या काही आकडे देईल. त्याच्या नादी लागू नका.

माझं मत: पहिल्या चारांना मानांकन, बाकी सातांच्या चिठ्ठ्या. ११ संघ म्हणजे १६ जागांचा तक्ता आणि ५ बाय. वरच्या अर्ध्यात ६ संघ, २ बाय. खालच्यात ५ संघ, ३ बाय. संघांना वरून खाली १ ते ११ नंबर द्या: अग्रमानांकित १ नंबरच्या जागी, दुसरा ११ वर, तिसरा ७ वर, चौथा ६ वर. चौघांनाही बाय मिळते; पाचवी बाय १० नंबरची, ती चिठ्ठीने ज्याच्या नशिबात असेल त्याला. पहिल्या फेरीत तीनच सामने: २-३, ४-५, ८-९. एकच खोच, १० वाल्याचा पहिलाच सामना दुसऱ्या मानांकिताशी. तो कुरकुरणार, म्हणून आधीच सांगून ठेवा. मानांकन दिलंच नाही, तर दोन तगडे संघ एकाच अर्ध्यात येण्याची शक्यता ५५ पैकी २५, म्हणजे जवळपास अर्धी.

निकष प्रवेशिकेबरोबरच छापा. गेल्या वर्षीचे चार उपांत्य फेरीवाले घेणार असाल, तर तीच मुलं शाळेत आहेत का ते बघा. दहावीची बॅच गेली की संघ नावालाच उरतो. चिठ्ठ्या सगळ्या क्रीडाशिक्षकांसमोर, एखाद्या लहान पोराकडून काढून घ्या, आणि तक्ता तिथेच सह्या घेऊन भिंतीवर लावा. रात्री मागाहून ‘दुरुस्ती’ नको. आणि बाबा, उन्हात दिवसभर उभं राहू नका, शिट्टी दुसऱ्या कुणालातरी द्या.

गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे दीड लाख शुक्रवारपर्यंत जमा होतील. जास्त लागले तर लगेच सांगा, मागच्या वेळेसारखं काकांकडून घेऊ नका. मला इथे अडचण नाही, खरंच नाही. दादाच्या साखरपुड्याला मेमध्ये येता येणार नाही. व्हिसाचे कागद अडकलेत, बाहेर पडले तर परत येताना घोळ होईल. मुहूर्त सकाळी अकराचा म्हणजे इथे रात्रीचा दीड, मी फोन लावून जागीच असेन. वहिनीच्या साडीचे पैसे वेगळे पाठवते, आई, रंग तूच निवड. आणि ते सांगलीचं स्थळ... फोटो पाहिला. मुलगा वाईट नाही. लग्नाला डिसेंबरमध्ये येईन तेव्हा बोलू, तोवर त्यांना शब्द देऊ नका.

तुमची,
मीनल