दाराला टेकलेली सीट

प्रिय गड्या,

तुझा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. लगेच फोन करणार होतो, पण फोनवर आपण दोघंही अवघड विषय आला की शेतावर आणि पावसावर जातो. म्हणून लिहायला बसलोय.

तू पुण्याहून घरी निघालास आणि दुसऱ्याच्या ट्रॅव्हल्समध्ये केबिनला बसलास. तूही ड्रायव्हर, धंद्यातला माणूस म्हणून त्या ड्रायव्हरने तिकिटाचं नावही काढलं नाही, उलट खेड शिवापूरला चहा त्यानेच पाजला. खंबाटकी चढून वेळ्याकडे उतरताना त्याची मान एकदा खाली गेली. सुरूरच्या पुढे पुन्हा. तू पाणी मागितलंस, खोकलास, काच खाली केलीस. "झोप येतीय का रे" हे चार शब्द मात्र उंब्रज येईपर्यंत तुझ्या तोंडातून निघाले नाहीत. गाडी त्याची, स्टेअरिंग त्याचं, आपण फुकट बसलेलो. गाडी सुखरूप पोचली, मागची माणसं झोपेतच होती, कुणाला काही कळलं नाही. आणि त्या रात्रीपासून तुझी झोप उडाली आहे.

गड्या, त्या सीटवर मीही बसतो. महिन्यातून आठ-दहा वेळा.

इथे अमेरिकेत कितीतरी वैमानिक राहतात एका शहरात आणि त्यांची ड्युटी सुरू होते दुसऱ्याच शहरातून. माझं घर डॅलसला, ड्युटी शिकागोहून. घरी जायला मिळेल त्या कंपनीचं विमान धरायचं. आत जागा नसली तर कॉकपिटमध्ये दोन वैमानिकांच्या मागे एक घडीची सीट असते, तिला जंपसीट म्हणतात. कंपन्या एकमेकींच्या वैमानिकांना ती फुकट देतात. 737 मध्ये ती भिंतीतून ओढून काढायची आणि कॉकपिटच्या दारालाच पाठ लावून बसायचं. गुडघे पुढच्या दोघांच्या मधल्या खोक्याला लागतात. पाय हलवायचे झाले तरी आधी विचार करावा लागतो.

पण ती सीट मागावी लागते. गेटवरचा माणूस कॉम्प्युटरवर तुझा फोटो बघतो, नोकरी खरी आहे का ते तपासतो. मग आत जाऊन, लायसन्स, मेडिकल आणि कंपनीचं कार्ड हातात धरून, कॉकपिटच्या उंबऱ्याशी उभं राहायचं आणि म्हणायचं, "कॅप्टन, घरी जायचंय, बसू का?" सीट रिकामी असली तरी कॅप्टन नाही म्हणाला की विषय संपला. कारण विचारायचं नाही. उतरताना आभार मानल्याशिवाय कुणी जात नाही. हा रिवाज मला मनापासून आवडतो. आपल्याकडे दुसऱ्याच्या ओसरीवर चढताना हाक मारतात ना, तसाच आहे.

2023 पासून त्या उंबऱ्यावर कॅप्टन जरा जास्त वेळ डोळ्यांत बघतात. त्या वर्षी 22 ऑक्टोबरला एव्हरेटहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेल्या विमानात जंपसीटवर बसलेल्या, ड्युटीवर नसलेल्या एका वैमानिकाने अचानक दोन्ही इंजिनांची आग विझवण्याची लाल हँडल ओढायला हात घातला. ती पूर्ण ओढली की इंजिनांचं इंधनच तुटतं. दोघांनी त्याचे हात धरले, त्याला बाहेर काढलं आणि विमान पोर्टलंडला उतरवलं. ते एम्ब्रेअर 175 होतं. मी रोज तेच चालवतो. ती हँडल माझ्या डोक्यावर असतात. त्यामुळे कुणी माझ्याकडे निरखून बघितलं तर मला राग येत नाही, पण बसल्यावर हात मांडीवर ठेवतो आणि दिसतील असे ठेवतो.

अवघडलेले प्रसंग कितीतरी आले. एकदा कॅप्टन आणि को-पायलट यांचं आधीच काहीतरी बिनसलं होतं. चेकलिस्ट सोडली तर दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलले नाहीत. दोघंही वळून वळून माझ्याशीच बोलत होते, आणि मी एकाला दिलेलं उत्तर दुसऱ्याला लागणार नाही ना, या धास्तीत अडीच तास काढले.

पण तुला सांगायचा आहे तो दुसरा प्रसंग. घरात बायकोलाही तो मी अर्धाच सांगितला आहे.

गेल्या वर्षी मार्चमध्ये चार दिवसांची ट्रिप संपवून शिकागोच्या गेटवर आलो. विमान भरलेलं, जंपसीट मोकळी. आत गेलो, कॅप्टनने मान वळवली आणि माझ्या पोटात गोळा आला. दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या कंपनीत मी मुलाखत दिली होती, त्या टेबलापलीकडे बसलेल्या तिघांतला हा एक. त्यांनी मला घेतलं नव्हतं. त्याने माझं कार्ड हातात घेतलं, थोडं थांबला आणि म्हणाला, "आपण कुठे भेटलोय का?" मी म्हणालो, "नाही, मला नाही वाटत."

खोटं बोललो, गड्या. का, ते नीट सांगता येत नाही. लाज होती आणि स्वार्थही होता. त्याच कंपनीत पुन्हा अर्ज करायचं माझ्या मनात होतं.

बसलो, पट्टे आवळले, हेडसेट चढवला. डॅलसकडे उतरताना जमिनीवरून विमानांना वाट दाखवणाऱ्या कंट्रोलरने अकरा हजार फुटांपर्यंत यायला सांगितलं. इंग्रजीत रेडिओवर अकरा म्हणजे "वन वन" आणि दहा म्हणजे "वन झिरो", आणि हा घोळ आमच्या धंद्यात जुना आहे. को-पायलटने रेडिओवर अकराच परत म्हटलं, पण त्याच वेळी दुसरं काहीतरी चाललं होतं. समोर उंची ठरवून द्यायच्या छोट्या खिडकीत कॅप्टनने आकडा फिरवला तो 10000. दोघांनी त्याकडे बोट केलं, दोघं म्हणाले, "दहा." बोट केलं म्हणजे तपासलं, असा नियम आहे. तपासलं तर होतं, पण चुकीचं.

तेव्हा आम्ही चौदा हजारांवर होतो. मी ऐकलं होतं अकरा. आणि माझ्या डोक्यात काय चाललं होतं, ते तुला जसंच्या तसं सांगतो. बहुतेक माझंच चुकलं असेल. ही त्यांची कंपनी, त्यांचं विमान. मी आत्ता बोललो तर याला वाटेल, मुलाखतीचा वचपा काढतोय. को-पायलट बघेलच. तेरा हजार. आणखी थोडं थांबू.

ठरवलेली उंची हजार फुटांवर आली की एकाने ती मोठ्याने म्हणायची असते. बारा हजारांवर कुणी काही म्हणालं नाही, कारण त्यांच्या हिशोबात अजून दोन हजार बाकी होते. त्या शांततेत माझी खात्री पटली. तिथे एकाखाली एक विमानं फक्त हजार फुटांच्या अंतराने ठेवलेली असतात, आणि आम्ही ज्या वेगाने खाली येत होतो त्या वेगाने हजार फूट अर्ध्या मिनिटात संपतात. मी म्हणालो, "मला अकरा ऐकू आलं. एकदा विचारून घ्या." आवाज चिरका निघाला.

को-पायलटने विचारलं. कंट्रोलर म्हणाला, अकरा. कॅप्टनने आकडा फिरवला, विमान अकरावर स्थिर झालं. गेटपर्यंत चेकलिस्टशिवाय कुणी बोललं नाही. मी त्याच्या मानेकडे बघत होतो. कॉलरच्या वर लाल झाली होती.

इंजिनं बंद झाली, को-पायलट बाहेर गेला. मी आभार मानायला तोंड उघडलं तर कॅप्टननेच आधी विचारलं, "तू अकरा कधी ऐकलंस?"

"चौदा हजारांवर."

"मग चौदा हजारांवर सांगायचं." आणि कोट घेताना म्हणाला, "आणि आपण भेटलोय."

मी मान हलवली. दुसरं काही सुचलंच नाही. त्याने हात पुढे केला, मी धरला, आणि बाहेर येऊन पार्किंगमध्ये गाडीत बराच वेळ बसून राहिलो.

तेव्हापासून माझ्या मागे कुणी येऊन बसलं की, त्याने पट्टा लावायच्या आधी मी सांगतो, काही वेगळं दिसलं, ऐकलं, तर लगेच बोल. बरेच कॅप्टन असं सांगतात. पूर्वी मला तो शिष्टाचार वाटायचा. 1989 मध्ये डीसी-10 विमानाच्या सगळ्या हायड्रॉलिक्स, म्हणजे तेलाच्या दाबावर विमान वळवणारी यंत्रणा, गेल्यावर कॅप्टन हेन्सने प्रवाशांत बसलेल्या फिच नावाच्या प्रशिक्षकाला आत बोलावलं. त्याने दोन सीटच्या मध्ये बसून दोन्ही हातांनी थ्रॉटल, म्हणजे इंजिनांचा जोर कमी-जास्त करणारे दांडे, सांभाळले, आणि सू सिटीला विमान आपटूनही 296 पैकी 184 माणसं वाचली. त्याला बोलावलं होतं, म्हणून त्याचे हात कामी आले. आपल्यासारख्यांना कुणी बोलावत नाही, आपण आपलं अंग चोरून बसतो.

आता तू विचारलंस त्याबद्दल. गाडी पोचली, दिवस उलटून गेले, आता त्या ड्रायव्हरला बोलून काय उपयोग?

इंडोनेशियात 28 ऑक्टोबर 2018 ला लायन एअरचं विमान बालीहून जकार्ताला निघालं आणि उडाल्यावर थोड्याच वेळात त्याचं नाक आपोआप खाली दबायला लागलं. कॉकपिटमध्ये त्या रात्री तिसरा वैमानिकही बसला होता. नाक वर-खाली ठेवणाऱ्या ट्रिमची विजेची बटणं बंद केली, हाताने चाक फिरवत विमान जकार्ताला आणलं. पण उतरल्यावर विमानाच्या नोंदवहीत सगळं लिहिलं गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच विमान दुसऱ्या वैमानिकांना मिळालं आणि 189 माणसांसह समुद्रात गेलं. विमानातला दोष मोठा होता, नुसतं वहीमुळे ते पडलं असं मी म्हणत नाही. पण आदल्या रात्री काय काय झालं ते पुढच्या माणसाला पूर्ण कळायला हवं होतं, असं मला राहून राहून वाटतं.

त्या ड्रायव्हरला कदाचित माहीतही नसेल की त्याची मान दोनदा गेली. डुलकी घेणाऱ्याला डुलकी कळत नाही, हे तू माझ्यापेक्षा जास्त जाणतोस. तो आजही त्याच रूटवर असेल, क्लीनर नवखा असेल, आणि शेजारी तुझ्यासारखा कुणी बसलेला नसेल. मालकाकडे जाऊ नकोस, त्याची रोजी जाईल. त्यालाच सांग. चहा पाजलेला माणूस आहे, रागावला तर रागावू दे. कुठे मान गेली, किती वाजता गेली, तू का गप्प बसलास, तेही सांग. शेवटचं सांगितलंस तर तो बाकीचं ऐकेल असं मला वाटतं.

त्याचा नंबर तू घेतला होतास ना? रविवारी तुझी गाडी नसते. दुपारी तो झोपून उठला की फोन लाव. मग मला कर. इथे पहाट असेल, तरी उचलीन.

तुझाच