तासगावची जमीन, स्लाउचा फ्लॅट

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परदेशातल्या मुलांना घरासाठी पैसे पाठवणाऱ्या आईवडिलांनी हे जरूर वाचावे. गेल्या वर्षी आम्ही इंग्लंडमध्ये स्लाउ येथे पहिला फ्लॅट घेतला. 'आमचाच सॉलिसिटर (खरेदीचे कायदेशीर काम पाहणारा वकील) घ्या' असा एस्टेट एजंटने लकडा लावला होता. अशा शिफारशीमागे बऱ्याचदा दलाली असते आणि ती उघड करण्याचे बंधन सॉलिसिटरवर असते. मी थेट विचारले, तेव्हा कुठे आकडा बाहेर आला!

मग तीन सॉलिसिटरांना फोन केले. दोघे फक्त फी सांगत राहिले. तिसऱ्या बाईंनी आधी विचारले, "फ्लॅटची लीज (भाडेपट्टा) किती वर्षांची उरली आहे? पैसे कुठून येणार?" बाबांनी तासगावजवळची एकरभर जमीन विकून काही रक्कम दिली होती. बाईंनी खरेदीखत, त्याचे इंग्रजी भाषांतर, बँकेची स्टेटमेंट्स आणि 'ही भेट आहे, घरावर हक्क सांगणार नाही' असे बाबांच्या सहीचे पत्र मागितले. बाबा चिडले, "पोराला पैसे देतोय, चोरी करत नाही!" पण तिथल्या मनी लाँडरिंगविरोधी नियमांत हे सुटत नाही. कागद जमवण्यात पाच आठवडे गेले. जमीन विकली तेव्हाच फाइल करून ठेवली असती तर वाचले असते.

फी कमी नव्हती. फाइल मात्र शेवटपर्यंत त्याच बाईंनी पाहिली.

– एक वाचक, मूळ सांगली, सध्या स्लाउ