बंड्या, आधी घरी सांग

दुबई
रविवार रात्र

प्रिय बंड्या,
अनेक आशीर्वाद.

इथल्या एअरलाइनकडून पायलटच्या इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं हे वाचून फार आनंद झाला रे. शेवटी तू लिहिलंयस, "ताई, आईबाबांना इतक्यात काही बोलू नकोस." त्याचं मागाहून लिहिते. आधी तू विचारलेलं, पगाराचं आणि इंटरव्ह्यूचं.

पगाराचा एकूण आकडा बघू नकोस, त्यातला मूळ पगार किती ते बघ. फ्लाइंग पे वेगळा, घराचा भत्ता वेगळा. फ्लाइंग पे ब्लॉक अवर्सवर मिळतो, म्हणजे विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर लागेपर्यंत. रजा किंवा ट्रेनिंग असलेल्या महिन्यात तो उतरतो. त्यामुळे कुठलाही हप्ता मूळ पगारातूनच भागेल असा ठेव. इन्कम टॅक्स नाही हे खरं, पण सक्तीचा पीएफही नाही. नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी मिळते, पहिली 5 वर्षं वर्षाला 21 दिवसांचा मूळ पगार, पुढे 30 दिवसांचा. बाकीची पुंजी आपली आपणच साठवायची. दिरहॅम डॉलरला बांधलेला आहे. 2014 साली एका दिरहॅमचे साधारण 16 रुपये व्हायचे, नंतर रुपया घसरत गेला आणि माझ्या ट्रेनिंगचं कर्ज ठरल्याआधी फिटलं. तो माझा हिशेब नव्हता, नशीब होतं. तू त्यावर विसंबू नकोस.

इंटरव्ह्यूत तांत्रिक प्रश्न येतील, ते तुला जमतील. सिम्युलेटरमध्ये ऑटोपायलट आणि ऑटोथ्रॉटल बंद करून उडवायला लावतात, तेही कदाचित तू कधी न उडवलेल्या विमानावर. पिच आणि थ्रस्टचे, म्हणजे नाक किती वर आणि इंजिनाचा जोर किती याचे, आकडे पाठ करून जा. टेकऑफला इंजिन गेलं तर घाई करू नकोस. आधी विमान सरळ ठेव, मग बोल. आणि बोल मात्र नक्की! शेजारच्याला कामात घेतोस की सगळं एकटाच ओढतोस, हे ते बारकाईने बघतात.

मला विचारलं होतं, कॅप्टनशी मतभेद झाला तेव्हा काय केलंत? मी मुंबईचीच गोष्ट सांगितली. जुलै महिना, रनवे 27, वायपर पूर्ण वेगात. मिनिमम आलं, म्हणजे रनवे दिसला नाही तर उतरणं सोडायची उंची, तरी रनवेचे दिवे दिसेनात. कॅप्टन म्हणाले, "दिसतील." मी म्हटलं, "गो अराउंड." एकदा म्हटलं, पुन्हा मोठ्याने म्हटलं, आणि त्यांनी विमान वर घेतलं. पॅनेलवरच्या बाई लिहायच्या थांबल्या आणि त्यांनी विचारलं, "नंतर तुम्ही त्यांच्याशी काय बोललात?" त्या नंतरच्या बोलण्यावरच दहा मिनिटं गेली. तुझ्याकडेही असा प्रसंग असेल. खराच सांग, रचलेला पहिल्या उपप्रश्नाला उघडा पडतो.

हातात लेखी कॉन्ट्रॅक्ट येईपर्यंत राजीनामा देऊ नकोस. डीजीसीएच्या, म्हणजे आपल्याकडच्या विमान वाहतूक नियामकाच्या, नियमाने तुला 6 महिन्यांची नोटीस आहे, कॅप्टन झालास की वर्षाची. जॉइनिंगची तारीख ठरवताना आधी हे सांग.

इथलं काम चांगलं आहे, रोस्टर बऱ्यापैकी पाळतात, पण रात्री फार. मुंबईची फेरी मिळाली की रात्री निघायचं, पहाटे तिथे पोचायचं, तासा-दीड तासात परत. विमानातून खाली उतरायचंही नाही. 27 वरून टेकऑफ घेतला की पार्ले उजवीकडे येतं, माझ्याच बाजूला. बाबा तेव्हा उठून दूध तापवत असतात. मी मात्र त्या क्षणी बाहेर बघत नाही, नजर आत, आकड्यांवर. समुद्र आल्यावर कळतं की घर मागे गेलं.

म्हणून आता आईबाबांचं सांगते. मी सही करून मग घरी सांगितलं होतं. आई रडली, ते निभावलं. बाबा दोन दिवस जेवताना काही बोलले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी माझी बॅग वजनकाट्यावर ठेवून म्हणाले, "तीस किलोच नेता येतं ना?" त्यांना विचारायला हवं होतं असं मला आजही वाटतं. ते तुला अडवणार नाहीत रे. पण आता घरात ते दोघंच राहणार, बाबांचे गुडघे तसे, तिसरा मजला, लिफ्ट नाही. हे तू जाण्याआधी तिघांनी बसून बोलायला हवं.

पुढच्या महिन्यात मला चार दिवस रजा आहे, मी येतेय. पण त्याची वाट बघू नकोस. या शनिवारी तुझी सुट्टी आहे ना? दुपारच्या चहाला सांग, आणि झालं की मला फोन कर. मी घरीच आहे.

तुझी,
ताई