पाणी पीत जा

बार्शी, २४ एप्रिल

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर जे बोलले ते आधी मागे घेते. "घरोघर हात पसरायला समाजकार्याचं एमएसडब्ल्यू केलंस का?" असं मी म्हणायला नको होतं, आणि तेही तुझ्या हाताला सलाइन लावलेलं असताना. तू फोन ठेवलास ते बरोबर केलंस. मुक्ता कोथरूडला संस्थेसाठी देणग्या मागत फिरताना एका सोसायटीच्या जिन्यात चक्कर येऊन पडली असं तुझी रूममेट रडत सांगत होती, त्यानंतर आपण काय बोलतोय याचं मला भान राहिलं नाही. घाबरले की मी चिडते, हे तुला दुसरीपासून माहीत आहे.

डॉक्टर म्हणाले युरिन इन्फेक्शन, त्यात उन्हाचा तडाखा. पण रात्री तू पप्पांना जे सांगितलंस ते मला जास्त लागलं. सकाळचा चहा घेतला की संध्याकाळपर्यंत घोटभर पाणी पीत नाहीस, कारण प्यायलं तर जायचं कुठं. अगं, बारावीच्या प्रॅक्टिकलला हेच झालं होतं ना? तेव्हा शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप आणि किल्ली शिपायाच्या खिशात. दुसऱ्या शाळेची क्लार्क असूनही मी तिथं जाऊन भांडले होते. मग पाच वर्षं ठीक गेली. आता परत तेच.

पाण्याबद्दल एवढंच. आता दुसरं लिहिते.

तुझ्या कामाची मला लाज वाटते असं तुला वाटत असेल, तर ते काढून टाक. मीही दारोदार फिरलेली आहे. १९९३ ला मी अकरावीत होते. विसर्जन करून रात्री उशिरा सगळे झोपलेले, आणि ३० सप्टेंबरला पहाटे चार वाजायच्या जराशी आधी मांडणीवरची भांडी वाजायला लागली. आजीला वाटलं मांजर शिरलं. दिवस वर आला तशी किल्लारीच्या भूकंपाची बातमी आली. नाना आम्हा आठ मुलींना घेऊन निघाले. एक हातगाडी, एक पावतीपुस्तक, आणि तेलाच्या डब्याला वरून चीर पाडून तोंडाला लाख लावलेली पेटी. गल्लीत कुणी नाही म्हटल्याचं मला आठवत नाही. जिच्या घरात काही नव्हतं तिनंही पदराची गाठ सोडली. कासारगल्लीतल्या एका म्हातारीनं सव्वा रुपया दिला आणि पावती घेऊन जपून देवापुढं ठेवली. नाना रोज रात्री पेटी चौघांसमोर उघडायचे, मोजायचे, वहीत लिहून सह्या घ्यायचे. एकदा साडेतीन रुपये कमी भरले, तर ते भरून टाकायच्या आधी त्यांनी आम्हाला दोनदा मोजायला लावलं.

त्या रात्री नानांनी पैसा फंडाची गोष्ट सांगितली होती. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागितला. लोकमान्य पाठीशी उभे राहिले, आणि त्या पैशापैशातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. "एक पैसा मागायला लाख रुपये मागण्यापेक्षा जास्त दारं वाजवावी लागतात," असं नाना म्हणाले होते. परवापासून हे वाक्य मला सारखं आठवतंय. तुझी दारं डोळ्यांसमोर येतात.

आणि त्या आठ दिवसांत आम्हाला प्रत्येक घरी आधी तांब्याभर पाणी मिळायचं, बरोबर गुळाचा खडा. पैसे नंतर. मागायला लागायचं नाही. उन्हातून आलेल्याला पाणी विचारायचंच असतं.

मुक्ता, एक गोष्ट मी तुला सांगितलेली नाही. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात दुपारी दीडला आपली बेल वाजली. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, तुझ्याच वयाची मुलगी. तिनं "काकू, दोन मिनिटं" म्हटलं, आणि मी जाळीचं दार न उघडता "पुढं जा" म्हणाले. वासुदेव आला की तुझी आजी, पप्पांची आई, सूपभर ज्वारी घालायची आणि तो "दान पावलं" म्हणत तिच्या नावानं गायचा. त्या घरातली सून मी, आणि मी "पुढं जा" म्हणाले. पाणीसुद्धा विचारलं नाही. आता रोज शंभर दारांत कुणीतरी माझ्या मुलीला ते दोन शब्द ऐकवतंय. मी त्या दाराच्या दोन्ही बाजूंना आहे, म्हणून तुझ्यावर ओरडले असेन.

लोक का घाबरतात तेही समजून घे, म्हणजे त्यांचा राग येणार नाही. आमच्या वेळी पेटीत नाणं टाकलं की संपलं. तू रोख घेत नाहीस. दर महिन्याला खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी मागतेस, त्यासाठी बँकेचा तपशील मागतेस, मोबाइलवर ओटीपी येतो. रोज फसवणुकीच्या बातम्या वाचणारा म्हातारा माणूस दचकणारच. त्यानं विचारायच्या आधी तूच सांगत जा की रक्कम किती, कोणत्या तारखेला जाईल आणि बंद करायचं असेल तर कसं करायचं. आणि आयकरात सवलत देणाऱ्या ऐंशी-जीच्या पावतीचं आमिष सरसकट दाखवू नकोस. दर फेब्रुवारीत शिक्षक माझ्या टेबलाशी पावत्या घेऊन येतात म्हणून सांगते, नवीन करप्रणाली घेतलेल्याला त्या सवलतीचा उपयोग नाही, आणि जुनीत असला तरी रोख दोन हजारांच्या वर दिलेलं धरत नाहीत. अर्धं सांगून सही घेतलेला माणूस तिसऱ्या महिन्यात बंद करतो. मग शिव्या संस्थेला, आणि ज्या मुलांसाठी तू फिरतेस त्यांचं नुकसान. एजन्सी दिवसाला दोन सह्या मागते म्हणालीस. एखाद्या दिवशी नाही झाल्या तर नाही झाल्या. टार्गेटसाठी कुणा एकट्या म्हातारीला बोलण्यात गुंतवून सही घेऊ नकोस. नानांच्या वहीत...

भाषण झालं. माफ कर. तू असं करणार नाहीस हे मला माहीत आहे. ध्वजदिनाला, ७ डिसेंबरला, शाळेतून दिलेले झेंडे विकताना एक उरला तेव्हा स्वतःच्या खाऊचे पैसे टाकून त्याचा हिशेब पुरा करणारी तू. तेव्हा मी रागावले होते. बाथरूममध्ये जाऊन रडले ते वेगळ्या कारणानं.

पण पाण्याचं काय ठरवलंस?

मी विचार करून ठेवला आहे. ज्या भागात जायचं तिथलं मेट्रोचं स्टेशन, मोठं दुकान, दवाखाना आदल्या रात्री बघून ठेव. मेट्रोच्या स्टेशनवर स्वच्छतागृह असतं. दुपारची जागा त्याच्या आसपास माग. साहेब नाही म्हणाले तर डॉक्टरांचा कागद दाखव. मुंबईत बायकांनी २०११ पासून "राइट टू पी", म्हणजे लघवीला जायचा हक्क, म्हणून चळवळ चालवली, पुरुषांना फुकट आणि बायकांना पैसे हे का, असं उघड विचारलं. तुम्ही पाच मुली मिळून एजन्सीला एवढं विचारू शकता. दुसऱ्यांच्या मुलांच्या शाळेसाठी, औषधांसाठी इतकं घडाघडा बोलतेस. स्वतःच्या लघवीसाठी बोलायला तुला लाज वाटते, आणि ती लाज मीच शिकवली. "बाहेर असताना असलं काही मागायचं नाही" हे माझेच शब्द आहेत. ते मी आज परत घेते.

घरोघर फिरताना बाई भली वाटली तर सरळ विचार, "काकू, बाथरूम वापरू का?" हे लिहिलं आणि लगेच हात थांबला, कारण गेल्या महिन्यात मीच तुला शपथ घातली होती की कुणाच्याही उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही. दोन्ही कसं जमवायचं मला कळत नाही. घरात बायका-मुलं दिसली तर जा, तुझ्या जोडीची मुलगी दारात उभी राहू दे, टॅब तिच्याकडे दे. एकटा पुरुष असला तर पाणीसुद्धा घेऊ नकोस. ज्या सोसायटीत वॉचमनची बायको खोलीत असते तिथं तिलाच विचार. ती नाही म्हणणार नाही.

परत पाण्यावरच आले. पप्पा म्हणाले पत्रात दुसरं काही लिही. मंगलमावशीचं लग्नाचं प्रकरण अजून तसंच आहे. पप्याला कराडला प्रवेश मिळेल असं दिसतंय. तुळशीजवळच्या मोगऱ्याला यंदा खूप फुलं आहेत, मी कचेरीत जाताना चार घेते.

तुझी पहिली सही कुणी केली ते तू पप्पांना सांगितलंस. रिक्षावाला, महिना तीनशे. पप्पा ते आख्ख्या गल्लीला सांगून आले. आता ते विचारतायत की आपल्या पतसंस्थेच्या खात्यातून दर महिन्याला पैसे जाऊ शकतात का, की पोस्टाचं खातं लागतं? फॉर्म तूच येऊन भरून घे, असं त्यांचं म्हणणं आहे. मला वाटतं तुला घरी बोलवायचं ते निमित्त आहे. तरी सही ते करतीलच.

शुक्रवारच्या एसटीनं देशमुखांचा अमोल येतोय. त्याच्याबरोबर नानांची स्टीलची बाटली, ताकाचा मसाला आणि सब्जा पाठवते. बाटली दोन लिटरची आहे, जड होईल. संध्याकाळी ती रिकामी झाल्याचा फोटो मला पाठवशील? रोज नको. सोमवारी रिपोर्ट येईपर्यंत तरी.

तुझी,
आई